त्रिकोणाचं क्षेत्रफळ आणि त्रिकोणमिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, त्यांचे पालक आणि शेताच्या तिकोनी तुकड्याचा हिशेब घरच्या घरी पडताळून बघणारे शेतकरी, या तिघांकडून मला गणिताचे जे प्रश्न येतात त्यांतले कितीतरी एकाच सूत्राभोवती फिरतात. ते इथे एकत्र केले आहेत. सूत्रांत त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना अ, ब, क म्हटलं आहे आणि बाजूंना अब, बक, अक.

पाया गुणिले उंची भागिले दोन हे सूत्र पाठ आहे. मग साइनचं सूत्र कशाला?

ते सूत्र बरोबरच आहे, आणि साइनचं सूत्र त्याच्याहून निराळं नाही. अडचण असते ती उंचीची. वहीत आकृती काढली की वरच्या टोकातून पायावर तुटक रेषेचा लंब टाकला, मोजला, झालं. शेतात तोच लंब उभ्या उसातून जातो. टेप सरळ धरता येत नाही, आणि धरली तरी पायावर नेमका काटकोन होतो आहे की नाही ते कळत नाही. बांध मात्र मोजता येतात. दोन बांध जिथे मिळतात त्या कोपऱ्यात उभं राहून त्यांच्यामधला कोनही मोजता येतो.

त्रिकोण अबक घ्या. अब हा पाया. क मधून पायावर लंब टाकला की डाव्या हाताला एक काटकोन त्रिकोण तयार होतो आणि अक ही तिरकी बाजू त्याचा कर्ण होते. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. म्हणून लंब = अक × साइन अ. आता जुन्या सूत्रात उंचीच्या जागी हे ठेवा:

क्षेत्रफळ = १/२ × अब × अक × साइन अ

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये त्रिकोणाचं फळ म्हणजे लंब आणि अर्धा पाया यांचा गुणाकार असं सांगितलं. त्याच ग्रंथात त्याने ज्या, म्हणजे आजचे साइन, यांची सारणीही दिली आहे. लंब आणि साइन एकमेकांचे किती जुने शेजारी आहेत, ते यावरून लक्षात येईल.

कोन कोणता घ्यायचा?

ज्या दोन बाजू घेतल्या त्या ज्या कोपऱ्यात भेटतात तो. पुस्तकात त्याला समाविष्ट कोन म्हणतात. अब आणि अक घेतल्या तर कोन अ. अब आणि बक घेतल्या तर कोन ब. सूत्र लिहिण्याआधी दोन्ही बाजूंवरून पेन्सिल फिरवा आणि पेन्सिल ज्या कोपऱ्यात वळली तिथे गोल करा. माझ्याकडच्या मुलांच्या चुका मी गेली काही वर्षं पाहतो आहे. सूत्र चुकणारे थोडे, कोपरा चुकणारे पुष्कळ.

कोन ९० अंशांपेक्षा मोठा असेल तर सूत्र चालतं का?

चालतं, जसंच्या तसं. खराट्याच्या दोन काड्या घ्या, एक ८ सेंटिमीटरची आणि एक ५ सेंटिमीटरची. एका टोकाला दोरा बांधून त्या कात्रीसारख्या उघडा. ३० अंशांवर क्षेत्रफळ १/२ × ८ × ५ × ०.५ = १० चौ. सेंमी. काड्या फाकवत ९० अंशांवर आणल्या की साइनची किंमत १ होते आणि क्षेत्रफळ २०. त्याच दोन बाजूंनी याहून मोठा त्रिकोण होऊच शकत नाही. आणखी फाकवून १५० अंशांवर न्या. क्षेत्रफळ पुन्हा १०.

विशालकोनात लंब पायावर पडत नाही, पाया मागे वाढवावा लागतो आणि लंब त्या वाढवलेल्या रेषेवर पडतो. तिथे जो काटकोन त्रिकोण होतो त्यातला कोन १५० चा नसतो, १८० वजा १५० म्हणजे ३० चा असतो. साइन १५० आणि साइन ३० सारखे का, याचं उत्तर त्या काड्यांत आहे: दोन्ही वेळी ५ सेंटिमीटरच्या काडीचं टोक पायापासून अडीच सेंटिमीटर उंचीवरच असतं. हे स्वतः काड्या घेऊन करून बघा. पाठांतराने जे महिनाभरात बसत नाही ते यात पाच मिनिटांत बसतं.

जमिनीचं एखादं उदाहरण गुंठ्यांत करून दाखवाल का?

रस्ता आणि ओढा यांच्या कात्रीत सापडलेला एक तिकोनी तुकडा घेऊ. एक बांध ४० मीटर, दुसरा ५५ मीटर, त्यांच्यामधला कोन ६२ अंश. साइन ६२ = ०.८८२९.

१/२ × ४० × ५५ = ११०० आणि ११०० × ०.८८२९ = ९७१ चौ. मी.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० चौ. मी. म्हणजे एक आर, तेव्हा हा तुकडा ९.७१ आर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौ. फूट, मीटरमध्ये १०१.१७ चौ. मी. तेव्हा ९.६ गुंठे. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्यामुळे बोलताना त्यांची सरमिसळ होते. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात त्याने फारसं बिघडत नाही, मोठ्या क्षेत्रात बिघडतं. आणि ३३ फूटच का? जुन्या मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा.

कोन मोजायला यंत्र नाही. काय करू?

टेप असली की पुरे. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बांधावर बरोबर १० मीटरवर खुंटी ठोका, दुसऱ्या बांधावरही १० मीटरवर. मग त्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा. वरच्या तुकड्यात ते १०.३० मीटर येईल.

दोन्ही बाजू १० मीटरच्या, म्हणजे हा समद्विभुज त्रिकोण. त्याचा मधोमध लंब टाकला की अर्धं अंतर ५.१५, कर्ण १०, तेव्हा अर्ध्या कोनाचा साइन ०.५१५. कॅल्क्युलेटरवर उलट साइन केलं तर ३१ अंश, दुप्पट ६२. अंशांत जायचंही कारण नाही: अर्ध्या कोनाचा कोसाइन (कोनालगतची बाजू भागिले कर्ण) म्हणजे १ मधून ०.५१५ चा वर्ग वजा करून जे उरेल त्याचं वर्गमूळ, ०.८५७२. पूर्ण कोनाचा साइन म्हणजे २ × अर्ध्या कोनाचा साइन × अर्ध्या कोनाचा कोसाइन, तेव्हा २ × ०.५१५ × ०.८५७२ = ०.८८२९. हाच आपल्याला हवा असलेला साइन. फोनवरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे जमतं.

काळजी एवढीच घ्या की दोरी सैल नको आणि १० मीटर बांधाच्या सरळ रेषेतच मोजलेले हवेत. बांध कोपऱ्याजवळ वाकलेला असेल, बहुतेक वेळा असतोच, तर कोपऱ्यातून लांबच्या टोकाकडे नजर लावून रेषा धरा. बांधाच्या मातीवर भरवसा ठेवू नका.

कोन एखाद्या अंशाने चुकला तर किती फरक पडतो?

कोन किती आहे त्यावर ते अवलंबून. वरच्या तुकड्यात ६२ ऐवजी ६३ धरले तर क्षेत्रफळ ९८० येतं, म्हणजे नऊ चौरस मीटरचा फरक, एक टक्क्याच्या आतला. कोन ९० च्या जवळ असेल तर एका अंशाने काहीच जाणवत नाही. पण कोपरा २० अंशांचा, सुईसारखा निमुळता असेल तर तेवढीच चूक जवळपास पाच टक्क्यांची होते. म्हणून तीन कोपऱ्यांतून निवड करायची संधी असेल तेव्हा काटकोनाच्या सर्वांत जवळचा कोपरा निवडा. हा एक नियम पाळला तर साध्या टेपनेही चांगलं उत्तर मिळतं.

कॅल्क्युलेटर क्षेत्रफळ उणे दाखवतो!

तो रेडियनमध्ये आहे. रेडियन हे कोन मोजायचं अंशांहून वेगळं एकक. साइन ६२ ला त्याने ६२ रेडियन समजून उणे ०.७३९ काढलं आणि तुमचं शेत उणे ८१३ चौ. मी. झालं. पडद्यावरची खूण अंशांवर आणा. उणे आलं तर निदान चूक कळते. काही कोनांना चुकीचं उत्तर धन येतं आणि पटण्यासारखंही दिसतं. त्यामुळे दर वेळी आधी साइन ३० करून बघा, ०.५ आलं तरच पुढे जा. एक्सेलमध्ये सूत्र लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: तिथलं साइन कायम रेडियनच मागतं, अंश आधी रेडियनमध्ये बदलून द्यावे लागतात.

तीनही बाजू माहीत आहेत, कोन एकही नाही. मग हेरॉनचंच सूत्र ना?

हो, पण ते याच सूत्रातून निघतं हे माहीत असलं तर विसरण्याची भीती राहत नाही. तीन बाजूंवरून कोसाइन नियमाने एका कोनाचा कोसाइन मिळतो, कोसाइनवरून साइन, साइनवरून क्षेत्रफळ. हा सगळा प्रवास अक्षरांत केला आणि अवयव पाडले की अर्धपरिमितीचं सूत्र समोर येतं.

आकड्यांत करून बघू. बाजू १३, १४, १५. १३ आणि १४ यांच्यामधल्या कोनाचा कोसाइन = (१६९ + १९६ − २२५) ÷ (२ × १३ × १४) = १४० ÷ ३६४ = ५/१३. मग साइन १२/१३. क्षेत्रफळ = १/२ × १३ × १४ × १२/१३ = ८४. हेरॉनने: अर्धपरिमिती २१, तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६. मग २१ × ८ × ७ × ६ = ७०५६, वर्गमूळ ८४.

हेच आकडे मी मुद्दाम घेतले. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या लीलावतीत हाच त्रिकोण आहे. भूमी मनूंइतकी म्हणजे १४, एक भुजा १३, दुसरी तिथींइतकी म्हणजे १५. लंब, आबाधा आणि फळ लवकर सांग, असा तो प्रश्न. आबाधा म्हणजे लंबाने पायाचे केलेले दोन तुकडे. त्यांची रीत अशी: दोन भुजांची बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६, त्याला भूमी १४ ने भागा, ४. आता १४ मध्ये ४ मिळवून निम्मे ९, वजा करून निम्मे ५. या आबाधा. लंब १२, फळ ८४.

आता आपला कोसाइन बघा: ५/१३. साइन: १२/१३. त्यांची धाकटी आबाधा ५ म्हणजे १३ गुणिले कोसाइन, त्यांचा लंब १२ म्हणजे १३ गुणिले साइन. बारावीच्या वर्गात जो कोसाइन नियम म्हणून शिकवतात तो इथे त्या नावाशिवाय, नुसत्या बेरीज-वजाबाकीत बसलेला आहे. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दोन्ही आकृत्या एकावर एक काढून बघितल्या होत्या. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला, त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. खानदेशातली मुलं वर्गात असली की मी हा त्रिकोण आवर्जून फळ्यावर काढतो.

एकच बाजू आणि दोन कोन माहीत असतील तर?

तरीही निघतं. तिसरा कोन १८० मधून वजा करून मिळतो, मग:

क्षेत्रफळ = बाजूचा वर्ग × तिच्या एका टोकाच्या कोनाचा साइन × दुसऱ्या टोकाच्या कोनाचा साइन ÷ (२ × तिच्या समोरच्या कोनाचा साइन)

नदीच्या अलीकडे १०० मीटरची रेषा आखली, तिच्या दोन टोकांवरून पलीकडचं एक झाड ५० आणि ७० अंशांवर दिसलं. तिसरा कोन ६०. १०,००० × ०.७६६० × ०.९३९७ ÷ १.७३२१ = ४१५६ चौ. मी. नदी ओलांडावी लागली नाही.

सबंध हिंदुस्थानची मोजणी याच युक्तीवर उभी राहिली. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने फार निगुतीने मोजली आणि तिथून पुढे मुख्यतः कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेला सरकत गेला. बाजू मोजणं जिकिरीचं, कोन मोजणं त्या मानाने सोपं. त्याचा कोनमापक सुमारे अर्ध्या टनाचा होता, तरीसुद्धा. मोजणी चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला.

दोन बाजू दिल्या आहेत, पण कोन त्यांच्यामधला नाही. सूत्र कसं लावू?

जपून. एकरूपतेच्या कसोट्या आठवा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन): बाकोबा, कोबाको, कोकोबा, बाबाबा. यांतली कोणतीही माहिती असेल तर त्रिकोण एकच होतो, म्हणून क्षेत्रफळही एकच. बाबाको नावाची कसोटी पुस्तकात का नाही, असा प्रश्न नववीत कुणी विचारत नाही. विचारायला हवा.

अब १० सेंमी, बक ७ सेंमी, कोन अ ४० अंश. साइन नियमाने कोन क चा साइन ०.९१८ येतो. पण हा साइन ६६.७ अंशांचाही आहे आणि ११३.३ अंशांचाही. पहिल्यात दोन बाजूंमधला कोन ब ७३.३ अंश आणि क्षेत्रफळ ३३.५ चौ. सेंमी, दुसऱ्यात कोन ब २६.७ अंश आणि क्षेत्रफळ १५.७. दोन्ही त्रिकोण खरे, दोन्ही दिलेल्या मापांचे. कंपास घेऊन ब केंद्र धरून ७ सेंटिमीटरचा कंस मारा, समोरच्या रेषेला तो दोन ठिकाणी छेदेल. एकच उत्तर देऊन मोकळे होऊ नका. क लघुकोन आहे की विशालकोन हे प्रश्नात कुठे सांगितलं आहे का ते शोधा.

चौकोनी प्लॉटच्या चारही बाजू मोजल्या. क्षेत्रफळ काढून द्या.

नुसत्या चार बाजूंवरून ते निघत नाही, आणि या उत्तराने लोक नाराज होतात. दाराची चौकट कच्ची असली की ती बाजूला झुकते. चारही लाकडं तेवढीच राहतात, आतली जागा मात्र कमी होते. त्रिकोण तसा झुकत नाही. लीलावतीत भास्कराचार्य याच ठिकाणी चिडलेले दिसतात: चौकोनाची ही अनिश्चित स्थिती न ओळखता फळ विचारणारा पिशाच आणि सांगणारा त्याहून मोठा पिशाच, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

व्यवहारात मात्र समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच या रीतीला स्थूल म्हटलं होतं. ती जमीन कधीही कमी दाखवत नाही. आकार आयत नसेल तर जास्तच दाखवते. आमच्या नात्यातल्या एकांनी असाच एक तिरका प्लॉट घेतला. चारही बाजू ३०-३० मीटर, कागदावर ९०० चौ. मी. मी कोपरा मोजला तर ६० अंश. ३० × ३० × ०.८६६ = ७७९. जवळजवळ सव्वा गुंठा जागा अस्तित्वातच नव्हती, आणि तिचे पैसे देऊन झाले होते. तो दिवस मी विसरलेलो नाही. इतक्या लोकांना मी हे सूत्र शिकवलं होतं आणि घरातच ते वेळेवर पोचलं नव्हतं.

करायचं काय? एक कर्ण मोजा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, दोन्हींच्या तीन-तीन बाजू कळतात, बेरीज करा. किंवा दोन्ही कर्ण आणि त्यांच्यामधला कोन मोजा: १/२ × पहिला कर्ण × दुसरा कर्ण × साइन. पहिल्या रीतीला एक टेप आणि पाच मापं पुरतात.

दहावीच्या वर्तुळखंडाच्या सूत्रात साइन कुठून आला?

वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा केला की वर्तुळखंड उरतो. त्या त्रिकोणाच्या दोन बाजू त्रिज्याच आहेत, मधला कोन केंद्राशी असलेला. तेव्हा वजा होतं ते १/२ × त्रिज्येचा वर्ग × साइन. त्रिज्या १०, कोन ६०, पाय ३.१४, वर्गमूळ ३ म्हणजे १.७३ धरून: ५२.३३ − ४३.२५ = ९.०८.

विशाल वर्तुळखंडाला वेगळं सूत्र लागत नाही. कोन ३०० घातला की साइन उणे होतो आणि त्रिकोण आपोआप मिळवला जातो: २६१.६७ + ४३.२५ = ३०४.९२. दोन्ही खंडांची बेरीज ३१४, म्हणजे पूर्ण वर्तुळ.

परिवर्तुळाची त्रिज्या दिली असेल तर?

तीन बाजूंचा गुणाकार भागिले चार त्रिज्या. १३-१४-१५ मध्ये २७३० ÷ (४ × ८.१२५) = ८४.

साइन हा शब्द आला कुठून?

आपल्याकडूनच गेला आणि ओळखू न येणाऱ्या वेशात परत आला. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं नाव जीवा, आजही वर्तुळाच्या धड्यात आपण तेच वापरतो. अर्धी दोरी, अर्धज्या, हा आजचा साइन. अरबांनी जीवाचं जिबा केलं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे ते जैब असं वाचलं गेलं. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खळगा. लॅटिनमध्ये त्या अर्थाचा शब्द सायनस, त्यावरून साइन. वर दोन खुंट्यांमधल्या दोरीची निम्मी लांबी घेतली होती ना? ती अर्धज्याच होती.

माझं उत्तर सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी जुळत नाही. कोण चुकलं?

कदाचित कुणीच नाही. पहिली गोष्ट, सरकारी मोजणी सपाट धरलेलं क्षेत्र देते. डोंगरउतारावर टेप जमिनीला टेकवून मोजली तर लांबी जास्त भरते. उतार १५ अंशांचा असेल तर टेपवरचे १०० मीटर सपाटीवर ९६.६ च असतात. टेप आडवी धरून, टप्प्याटप्प्याने उतरत मोजा. दुसरी, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा लिहिलेला असतो, तो मिळवलात का ते बघा. तिसरी, वाकडा बांध तुम्ही सरळ धरला असेल. तिथे आणखी एक-दोन छोटे त्रिकोण पाडावे लागतात.

हे सगळं करूनही फरक मोठा राहिला तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. हद्दीच्या वादात तुमचा-माझा हिशेब धरला जात नाही, तिथली मोजणी धरली जाते. मोजणीदार येतील त्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा आणि आपली मापं लिहिलेला कागद खिशात असू द्या. कोणत्या कोपऱ्यावर नीट लक्ष ठेवायचं हे त्यावरून तुम्हाला आधीच कळलेलं असेल.